सामना संपल्यावर : थेट प्रक्षेपणात राबणाऱ्या मुली

(असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नांवर झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण घरकामगार, कचरावेचक, अंगणवाडी सेविका यांच्याविषयी ऐकतो आहोत. जेवणानंतरच्या या वेळेत माझा विषय आहे क्रिकेटच्या सामन्याचं थेट प्रक्षेपण. फळ्यावर विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिलं. त्यात त्यांची चूक नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते. टीव्हीवर काम करणारी मुलगी म्हणजे सुस्थितीतली, इंग्रजी बोलणारी, तिला कसला आलाय शोषणाचा प्रश्न, असंच आपल्या मनात असतं. मी ज्या मुलींविषयी बोलणार आहे त्या टीव्हीवर दिसत नाहीत. दिसल्या तर त्यांचा रोज कापला जातो.

आमच्या वस्तीतल्या सल्ला केंद्रात एक मावशी आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. तक्रार मुलीची नव्हती, आईची होती. मुलगी पहाटे चार-साडेचारला घरी येते, चाळीत लोक बोलतात, भावाचं लग्न ठरत नाही, तुम्ही समजावून सांगा. मुलगी शेजारी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं लाजते आहे. नंतर कळलं, तिला झोप आवरत नव्हती. बी.एम.एम. झालेली, वडील रिक्षा चालवत, घरात कमावणारी तीच. मी समाजकार्यात एम.ए. केलंय, समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलंय, तेव्हा दोन्ही बाजू ऐकून मधला मार्ग काढायचा ही सवय हाडीमाशी रुजलेली. मी तिला म्हटलं, अगं, काम सोडू नकोस, पण दिवसाच्या पाळीचं काम मागून घे ना. तिने मान वर केली आणि म्हणाली, "ताई, मॅच दिवसा होत नाही."

एवढंच म्हणाली. आईला घेऊन निघून गेली. मला पुढचे कित्येक दिवस ते वाक्य टोचत राहिलं, कारण मी नकळत तिच्या आईची आणि चाळीची बाजू घेतली होती. बाईने रात्री घरी असावं, हे गृहीत धरूनच माझा मधला मार्ग निघाला होता. आपण मोर्चात ‘रात्र आमचीही आहे’ म्हणतो आणि केंद्रातल्या खुर्चीवर बसलं की दिवसाची पाळी सुचवतो.

मग मी तिला शोधत गेले. तिच्या ओळखीने आणखी पाच-सहा जणी भेटल्या. त्यांनी जे सांगितलं ते आधी तुमच्यासमोर ठेवते, कारण काम कसं चालतं ते कळल्याशिवाय त्यातला अन्याय कळत नाही.

संध्याकाळी साडेसातला सामना सुरू होणार म्हणून आपण सात वाजता टीव्ही लावतो. या मुलींचं काम त्याच्या दोन दिवस आधी सुरू झालेलं असतं. स्टेडियमच्या मागच्या बाजूला एक आवार आखून घेतात, त्याला हे लोक कंपाउंड म्हणतात. तिथे ओबी व्हॅन येऊन उभ्या राहतात, जनरेटर येतात. तिथून मैदानाच्या कानाकोपऱ्यात केबली टाकायच्या. दोन्ही टोकांना गोलंदाजाच्या पाठीमागे उंचावर कॅमेरे, सीमारेषेला कॅमेरे, स्टंपांत कॅमेरा आणि माइक. मोठ्या सामन्याला तीसच्या आसपास कॅमेरे लागतात. केबल अशीतशी गुंडाळली तर तिला पीळ बसतो आणि ती आतून तुटते. म्हणून एक वेढा वरून, एक खालून अशी रीत असते. माझ्यासमोर एका मुलीने ओढणीवर ती रीत करून दाखवली, इतक्या सफाईने की मी बघतच राहिले. व्हॅनच्या आत यंत्रांसाठी एवढा गारठा ठेवतात की मे महिन्यातही स्वेटर लागतो. बाहेर अडतीस-चाळीस अंश. धावपळ करणाऱ्या पोरी दिवसभर आत-बाहेर करतात आणि सतत सर्दीने बेजार असतात.

सामना सुरू झाला की सगळ्यांच्या कानाला हेडफोन. व्हॅनमध्ये बसलेला दिग्दर्शक कॅमेऱ्यांचे नंबर पुकारत असतो, एकाच वेळी दहा जण बोलत असतात, आणि त्या गोंगाटातून आपल्यासाठी असलेलं वाक्य तेवढं उचलायचं. इथे चूक झाली तर पुन्हा करता येत नाही. आरडाओरडा होतो, शिव्याही होतात. मला वाटलं याची त्यांना चीड असेल. पण त्या म्हणाल्या, ताई, ओरडण्याचं काही नाही, सगळ्यांनाच ओरडतात, सामना संपला की तोच माणूस पाठ थोपटतो. मुलाने केबल चुकीच्या जागी टाकली तर तो ‘गाढव’ असतो, आमच्याकडून तेच झालं तर ‘म्हणूनच मुली घ्यायच्या नाहीत’. त्याचा राग येतो. हा फरक त्यांनी मला जितक्या नेमकेपणाने सांगितला तितका आपल्या पुस्तकांतूनही क्वचित सापडतो.

आणि सामना संपल्यावर? आपण बक्षीस समारंभ बघून टीव्ही बंद करतो, साडेअकरा वाजलेले असतात. यांच्या कामाचा सर्वात जड भाग तेव्हा सुरू होतो. पसरलेलं सगळं काढायचं, पुसायचं, मोजायचं, पेट्यांत भरायचं आणि ट्रक पुढच्या गावाला रवाना करायचे. पहाटेचे तीन वाजतात. पेट्या गेल्या की माणसं उरतात. वरच्या लोकांना हॉटेल असतं, गाडी असते. स्थानिक म्हणून घेतलेल्या मुलीला दोन्ही नसतं, कारण तिचं घर त्याच शहरात, म्हणजे ‘जवळच’. मुंबईत जवळ म्हणजे किती हे तुम्हाला सांगायला नको. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी.वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पावसामुळे तो सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. आपण सगळ्या रडलो त्या रात्री, मीही रडले. आता एवढंच लक्षात आणा, की आपले डोळे पुसून झाल्यावरही तिथे केबली गुंडाळणाऱ्या हातांचं काम बाकी होतं, आणि पहिली लोकल पहाटे चारच्या सुमारास सुटते.

आता पैशांविषयी. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे एका सामन्यामागे शंभर कोटींहून जास्त. बायकांच्या प्रीमियर लीगचे त्याच पाच वर्षांचे हक्क गेले ९५१ कोटींना, सामन्यामागे सात कोटींच्या आसपास. आमच्या या मुलीला मिळत होते दिवसाला बाराशे, आणि दिवस म्हणजे चौदा तास, सोळा तास, जे पडेल ते. ते पैसेही दीड-दोन महिन्यांनी हातात येणार. मी विचारलं, बायकांच्या सामन्याला रोज कमी मिळतो का गं? तर हसून म्हणाली, नाही ताई, तेवढाच मिळतो. सगळ्यात खालच्या पायरीवर समानता आधीच येऊन बसली आहे म्हणायची!

कामाची वाटणी कशी होते तेही बघण्यासारखं आहे. मुलगा नवीन आला की त्याला कॅमेऱ्याच्या पाठीमागे केबल धरायला देतात. मुलगी नवीन आली की तिला ‘रनर’ करतात. कागद पोहोचव, समालोचकांना पाणी दे, जेवणाच्या कूपनांचा हिशेब ठेव, पाहुण्यांना मैदानापर्यंत घेऊन जा. कारण काय, तर केबल जड असते. बांधकामावर बाया डोक्यावर घमेली वाहतात तेव्हा ती कधी कुणाला जड वाटलेली नाहीत. दोघांचा रोज सुरुवातीला सारखाच असतो, म्हणून वरवर पाहता अन्याय दिसत नाही. पण केबल धरणारा पोरगा दोन वर्षं कॅमेरामनच्या खांद्यामागे उभा राहून शिकतो, एक दिवस सरावाच्या वेळी कॅमेरा हातात घेतो आणि पाच वर्षांनी त्याच्या रोजात एक शून्य वाढलेलं असतं. कूपनांचा हिशेब पाच वर्षं ठेवला तरी त्यातून कॅमेरा येत नाही. श्रमविभागणीविषयी आपण शिबिरं घेतो, त्यात मी हेच उदाहरण द्यायला लागले आहे.

या क्षेत्रात बाईला नुसतं अडवलंच असंही झालेलं आहे. मुंबईच्या चित्रपटधंद्यात रंगभूषेचं काम बायकांनी करायचं नाही, त्यांनी केशभूषा करावी, असा संघटनेचाच दंडक होता. सदस्यत्वाचं कार्डच मिळायचं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चारू खुराना आणि इतर स्त्रियांच्या याचिकेवर तो दंडक घटनाबाह्य ठरवला. कामगारांची संघटनाच बाईच्या पोटावर पाय देत होती, हे आपण विसरू नये. थेट प्रक्षेपणात असा लेखी दंडक कुठेच नाही. इथे नुसतं ‘जड आहे’ म्हणतात आणि काम भागतं.

कॅमेरा कुणाच्या हातात आहे याचा परिणाम आपल्या घरातल्या पडद्यावरही होतो. षटक संपलं की प्रेक्षकांतली कुणी देखणी मुलगी दाखवायची, ही सवय तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी फिफाच्या अधिकाऱ्यांना सांगावं लागलं होतं की प्रेक्षकांतल्या तरुण बायकांवर कॅमेरे रोखणं कमी करा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडू स्त्रियांचं चित्रण पुरुषांसारखंच करा, असं कॅमेरामनना जाहीरपणे बजावावं लागलं. सूचना देऊन थोडंफार होत असेल. पण केबल धरण्यापासून ज्या मुलींना वाट मिळाली असती त्या आज त्या कॅमेऱ्यांमागे असत्या, तर सूचनांची गरज किती उरली असती, असं माझ्या मनात येतं.

आता एक गोष्ट अशी सांगते जी इथे बसलेल्या प्रत्येकीला ओळखीची वाटेल. ती म्हणजे शौचालय. स्टेडियममध्ये प्रेक्षकांसाठी असतात, खेळाडूंसाठी असतात, पाहुण्यांसाठी असतात. गळ्यातल्या ओळखपत्रावर तुम्ही कोणत्या भागात जाऊ शकता त्याचे आकडे छापलेले असतात, आणि रनर मुलीच्या कार्डावर मोजके आकडे असतात. कंपाउंडमध्ये एक-दोन प्लास्टिकच्या खोल्या उभ्या करतात, त्या सगळ्यांना मिळून. संध्याकाळनंतर तिथे पाय ठेववत नाही. मग या मुली काय करतात? जे कोर्टाबाहेर बसणारी टंकलेखिका करते, जे वाहतूक पोलीस बाई करते तेच. पाणी पीत नाहीत. उन्हात दहा तास, पाण्याशिवाय. पाळी असली तर घरीच राहायचं, म्हणजे रोज बुडाला. मुंबईत ‘राइट टू पी’ची मोहीम २०११ पासून चालू आहे, आपल्यापैकी काही जणी तिच्यात होत्या. आपण रस्ते धरले, स्टेशनं धरली, पण स्टेडियमच्या मागच्या बाजूला काय आहे ते बघायला कुणी गेलं नव्हतं. मीही नव्हते गेले.

बरं, एवढं सगळं ऐकून मी त्यांना विचारलं, मग करता कशाला गं हे काम? सगळ्या एकदम बोलायला लागल्या. लाखभर लोकांचा कोट्यवधी लोकांशी सांधा जुळतो तो आम्ही टाकलेल्या केबलीतून. शेवटच्या षटकात अंगावर काटा येतो. बायकांच्या लीगचा पहिला सामना मार्च २०२३ मध्ये झाला, तेव्हा एकजण सीमारेषेजवळ होती. ती म्हणाली, समोर बाया खेळतायत, गर्दी ओरडतेय, आणि माझ्या कानात आवाज येतोय ‘कॅमेरा सात तयार’, ताई, मला वाटलं मी पण टीममध्ये आहे. हे सांगताना तिचा चेहरा जसा उजळला होता तो मी तुम्हाला शब्दांत दाखवू शकत नाही. या कामातून त्यांना सोडवायचं नाही, त्या कामात त्यांना टिकवायचं आहे, हे मला तिथे कळलं. ‘पीडित’ हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायला मला जीभ धजेना.

सहा-सात महिन्यांनी ती पहिली मुलगी पुन्हा आली. या वेळी एकटी.

एका मालिकेसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. मैदानावरून राहण्याच्या जागी जाणाऱ्या गाडीत, रात्री दोनला, शेजारी बसलेल्या एका वरिष्ठ माणसाने हात टाकला. एकदा नव्हे, तीन रात्री. तो तिच्या कंत्राटदाराचा माणूस नव्हता, यंत्रसामग्री पुरवणाऱ्या दुसऱ्याचा होता. तिथे सगळ्यांना दादा म्हणण्याची रीत आहे. दादा म्हटलं की संरक्षण मिळतं अशी आपली एक भाबडी समजूत. त्या माणसालाही ती दादाच म्हणत होती. तिसऱ्या रात्री ती गाडीतून उतरली आणि ज्याने तिला कामावर घेतलं होतं त्या कोऑर्डिनेटरला सांगितलं. तो भला माणूस. त्याने त्या गृहस्थाला झापलं, तिला वेगळ्या गाडीत बसवलं, उरलेले दिवस नीट गेले. आणि पुढच्या मालिकेला त्याने एकही मुलगी घेतली नाही. कशाला उगाच डोक्याला ताप, म्हणाला. सहा मुलींचं काम एका फोनवर गेलं. त्यातल्या दोघींनी हिच्याशी बोलणं सोडलं. गप्प बसली असतीस तर आम्ही घरी बसलो नसतो, असं एकीने तोंडावर सांगितलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. तिचा प्रश्न साधा होता : ताई, माझा मालक कोण?

आम्ही शोधायला बसलो. नेमणुकीचं पत्र नाही. काम ठरलं ते व्हॉट्सॅपवरच्या दोन ओळींत, तारीख आणि ‘येतेस का’. पैसे जमा झाले ते एका व्यक्तीच्या खात्यातून. गळ्यातलं कार्ड स्पर्धेच्या आयोजकांचं, टी-शर्ट वाहिनीचा, गाडी भाड्याची, काम सांगणारा चौथाच. हक्क विकणारा एक, विकत घेणारा दुसरा, प्रक्षेपण तयार करून देणारा तिसरा, यंत्रं पुरवणारा चौथा, माणसं पुरवणारा पाचवा. सहाव्या पायरीवर ही उभी, आणि मालिका संपली की ती पायरीही काढून ट्रकमध्ये भरतात.

कायदा मात्र हे सगळं ओळखून लिहिलेला आहे, ते ऐकून तुम्हालाही जरा बरं वाटेल. विशाखा निकाल १९९७ चा, त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्यात कर्मचारी म्हणजे कोण? कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत किंवा एजंटामार्फत घेतलेली, मूळ मालकाला माहीत असो वा नसो, शिकाऊ उमेदवारसुद्धा. कामाचं ठिकाण म्हणजे कोणतं? त्या व्याख्येत क्रीडासंकुल आणि स्टेडियम हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. मालकाने दिलेली गाडीही कामाचं ठिकाणच धरली जाते. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिन्यांची, कारण पटलं तर आणखी तीन. छळणारा दुसऱ्या आस्थापनेचा असला तरी बाई आपल्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणच्या समितीकडे तक्रार करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. आमची तक्रार त्याच्या आधीची. तेव्हा हे वाक्य हातात असतं तर आमचा महिनाभराचा वाद वाचला असता.

आम्ही स्थानिक समितीकडे गेलो. मुदत संपायला नऊ दिवस होते. त्या जिल्ह्याच्या कार्यालयात समितीचा फलकच नव्हता. शिपायाने आधी आम्हाला कौटुंबिक हिंसाचाराच्या खिडकीवर पाठवलं, तिथून महिला व बालविकासाच्या मजल्यावर. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला आणि पोच मिळाली. समितीच्या बाई चांगल्या निघाल्या, त्यांनी त्या माणसाला बोलावलं. त्याचं म्हणणं, मी कुणाचाच नोकर नाही, स्वतंत्र काम करतो. तोही खरंच बोलत होता. मालक त्यालाही नव्हता.

शेवटी तिने स्वतः समेटाचा अर्ज दिला. कायद्यात तशी तरतूद आहे, चौकशीच्या आधी आणि बाईनेच मागितला तर. आमच्या केंद्रात यावरून वाद झाला, आमच्या एका सहकारी मैत्रिणीला ती माघार वाटली. मला सांगायचंय, मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण चौकशी चालली असती तर प्रत्येक तारखेला एक रोज बुडणार होता आणि साक्षीदार दोघेही पुढच्या कामासाठी त्याच माणसांवर अवलंबून. तिने दोन अटी लिहिल्या. एक, त्याने लेखी माफी मागावी आणि पुन्हा तिच्याबरोबर एका गाडीत बसू नये. दोन, या तक्रारीमुळे मुलींना कामावर घेणं बंद करू नये. पहिली अट मान्य झाली. दुसरी लिहूनच घेता आली नाही. कारण काम देणारा कोऑर्डिनेटर या प्रकरणात पक्षकारच नव्हता. त्याने तिला काढलं नव्हतं, छळलं नव्हतं, तिच्या बाजूने उभा राहिला होता. त्याने फक्त पुढच्या वेळी बोलावलं नाही. न बोलावणं या गोष्टीला आपल्या कायद्यात नाव नाही.

या एका मुद्द्यासाठी मी आज इथे आले आहे. ज्या कामात हजेरीपट असतो तिथे काढून टाकणं दिसतं, त्यावर मोर्चा नेता येतो. इथे हजेरीपटच नाही. दर मालिकेला नव्याने नेमणूक, म्हणजे दर मालिकेला न नेमण्याची मुभा. तक्रार करणारी एक, आणि शिक्षा सहा जणींना, तीही कुणी द्वेषाने केलेली नाही, ‘मुलींच्या सुरक्षिततेसाठी’ केलेली. तुमच्यापैकी ज्या घरकामगार बाईंचं संघटन करतात त्यांना हे नवं नाही, तिथेही ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढंच असतं. पण तिथे निदान एक दार असतं, त्या दारासमोर जाऊन उभं राहता येतं. आम्ही कोणत्या दारासमोर उभं राहायचं?

थोडा उजेड दिसतो तो कागदात. दुकाने व आस्थापनांचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा सांगतो, की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला काम द्यायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय हवी. आपण बहुतेकदा हा कायदा कॉल सेंटरच्या संदर्भातच वापरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांना कामगार संघटनांचा विरोध आहे, आपलाही आहे. कंत्राटी कामगारांसाठी पन्नासची जी अट घातली आहे तिच्यामुळे छोट्या कंत्राटदाराकडची माणसं बाहेर पडतात, आणि हे सगळं क्षेत्रच छोट्या कंत्राटदारांचं आहे. तरी त्यातल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत ‘दृकश्राव्य कामगार’ हा शब्द आला आहे. पूर्वी सिनेमाच्या कामगारांसाठी जो १९८१ चा कायदा होता त्याची जागा आता याने घेतली, आणि त्यात लेखी कराराशिवाय अशा कामगाराला कामावर ठेवू नये असं म्हटलं आहे. मैदानावर केबल ओढणारी मुलगी या शब्दात बसते की नाही यावर उद्या वकील भांडतील. ते भांडण व्हावं अशीच माझी इच्छा आहे. लेखी करार म्हणजे मालकाचं नाव.

तोवर या मुलींनी स्वतःच एक गोष्ट सुरू केली. कामाला होकार देण्याआधी त्या व्हॉट्सॅपवरच पाच-सहा प्रश्न विचारतात. पैसे कुणाच्या नावाने येणार, किती दिवसांत येणार, सामान काढायला थांबायचं आहे का, घरी कोण सोडणार, मुलींसाठी वेगळं शौचालय आहे का, तक्रार कुणाकडे करायची. उत्तर आलं तर तोच त्यांचा करार. नाही आलं तर तेही जपून ठेवायचं. सुरुवातीला एकीनेच विचारलं तेव्हा तिला ‘फार बोलतेस’ म्हणून वगळलं. मग ठरलं, की सगळ्यांनी एकाच शब्दांत विचारायचं, म्हणजे कोण फार बोलतेय ते कळायचंच नाही. आता त्या तेवीस जणी आहेत. ठाणे, कल्याण, पनवेल, दोघी पुण्याच्या. ज्यांनी हिच्याशी बोलणं सोडलं होतं त्यातली एक परत आली आहे, दुसरी अजून नाही.

माझं तुमच्याकडे मागणं आहे. नागपूर, पुणे, मुंबई, जिथे जिथे मोठी मैदानं आहेत तिथल्या गटांनी आपल्या जिल्ह्याची स्थानिक समिती अस्तित्वात आहे का, तिचा पत्ता काय, ते जाऊन बघावं आणि कागदावर लिहून पाठवावं. आणि पुढच्या सामन्याच्या आधी स्टेडियमच्या व्यवस्थापनाला एक पत्र द्यावं, कंपाउंडमधल्या शौचालयाविषयी. पत्राचा नमुना मी आणला आहे, जाताना घेऊन जा. कबड्डी, कुस्ती, मॅरेथॉन, कशाचंही प्रक्षेपण होत असेल तर तिथेही. क्रिकेटच पाहिजे असं नाही.

ती मुलगी आता पुन्हा काम करते. एका बाई कोऑर्डिनेटरने तिला बोलावलं, ती बाई स्वतः एके काळी कूपनं वाटायची. आईने भांडण सोडलेलं नाही, पण रात्री दोनला फोन करून कुठवर आलीस विचारते आणि चाळीचं दार उघडं ठेवते. गेल्या महिन्यात तिला पहिल्यांदा कॅमेऱ्याची केबल धरायला मिळाली. दुसऱ्या दिवशी खांदे दुखत होते म्हणून केंद्रात येऊन बसली होती. मी म्हटलं, जड असते का गं? तर म्हणाली, हो ताई, असते जड.

आता तुम्ही विचारा. मला वाटतं मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता.